अकालमृत्यूचे वलय आणि अभिनयाचे मोल : स्मिता पाटील यांच्या टिकून राहिलेल्या आकर्षणाचा विचार

१. प्रस्तावना

१३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता पाटील यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. अपत्यजन्माला जेमतेम पंधरवडा उलटला होता आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीतून त्या सावरू शकल्या नाहीत. या घटनेला आता चार दशकांच्या आसपासचा काळ लोटला आहे. ज्या प्रेक्षकवर्गाने त्यांचे चित्रपट प्रथम पाहिले तो आज उतारवयात आहे, आणि ज्या समांतर चित्रपटाच्या चळवळीतून त्या पुढे आल्या ती चळवळही इतिहासजमा झाली आहे. तरीही त्यांच्या नावाभोवतीचे कुतूहल ओसरलेले दिसत नाही. मे २०२४ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट पुनरुज्जीवित प्रतीच्या रूपाने कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्यानंतर भारतातील चित्रपटगृहांतही तो पुन्हा झळकला. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला, १९७६ सालचा हा चित्रपट. त्यातील बिंदू पुन्हा एकदा चर्चेचा विषय झाली.

हे आकर्षण नेमके कशाचे आहे? सर्वसाधारणपणे या प्रश्नाचे एक तयार उत्तर दिले जाते. तरुणपणी गेलेला कलावंत प्रेक्षकांच्या मनात कायम तरुण राहतो, त्याचा ऱ्हास कोणी पाहिलेला नसतो, म्हणून त्याच्याभोवती वलय निर्माण होते, हे ते उत्तर. स्मृतिदिनाच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक लेखांचा सूर हाच असतो. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करून असे प्रतिपादन करायचे आहे की, अकालमृत्यूमुळे स्मिता पाटील यांच्याभोवतीच्या हळहळीचा उलगडा होतो, त्यांच्या आकर्षणाचा होत नाही. त्यांचे आकर्षण टिकून आहे ते त्यांनी उभ्या केलेल्या स्त्रियांचे प्रश्न आजही अनिर्णित असल्यामुळे. किंबहुना त्यांच्यासाठी हळहळणे ही कित्येकदा त्या प्रश्नांना बगल देण्याची एक सोयीची रीत ठरली आहे.

२. अकालमृत्यूची मीमांसा आणि तिच्या मर्यादा

अकाली गेलेल्या ताऱ्यांची परंपरा जागतिक चित्रपटाला नवी नाही. जेम्स डीन ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात गेला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याचा 'रिबेल विदाउट अ कॉज' हा चित्रपट अद्याप प्रदर्शितही झालेला नव्हता. मेरिलिन मन्रो १९६२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली. आपल्याकडे गुरुदत्त १९६४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी, तर मधुबाला १९६९ मध्ये छत्तिसाव्या वर्षी निवर्तली. मीनाकुमारीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. 'पाकीजा' ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला आणि ३१ मार्चला मीनाकुमारी गेली. पडद्यावरील शोकनायिका आणि वास्तवातील शोकांतिका यांची प्रेक्षकांच्या मनात अशी काही सांगड बसली की, पुढे तो चित्रपट तिच्या मृत्यूपासून वेगळा करून पाहणेच अवघड झाले.

चित्रपट अभ्यासक रिचर्ड डायर यांनी 'स्टार्स' (१९७९) या ग्रंथात तारा ही एक घडवलेली प्रतिमा असते, असे मांडले आहे. चित्रपट, प्रसिद्धी, मुलाखती आणि समीक्षा यांतून ती प्रतिमा आकाराला येते. या मांडणीचा आधार घेतला तर मृत्यूचे कार्य लक्षात येते. मृत्यूमुळे प्रतिमेत नवी भर पडणे थांबते आणि जुन्या सामग्रीचा अर्थ मागे वळून लावला जातो. मग प्रत्येक उदास दृश्य पूर्वसूचना वाटू लागते. स्मिता पाटील यांच्या डोळ्यांतील खिन्नतेबद्दल जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग १९८६ नंतरचा आहे, हे या दृष्टीने सूचक आहे.

परंतु या मीमांसेला तीन मर्यादा आहेत. पहिली अशी की, तरुणपणी गेलेले सर्वच कलावंत स्मरणात राहत नाहीत. चित्रपटाच्या इतिहासात असे कितीतरी चेहरे आहेत ज्यांच्या मृत्यूने त्या त्या वेळी समाज हळहळला आणि दहा वर्षांत त्यांना विसरूनही गेला. तेव्हा मृत्यू हे आकर्षणाचे पुरेसे कारण ठरत नाही. दुसरी मर्यादा अशी की, ते आवश्यक कारणही नाही. स्मिता पाटील यांच्या समकालीन आणि त्यांच्याइतक्याच समर्थ अभिनेत्री शबाना आझमी यांनी दीर्घ कारकीर्द घडवली, पडद्यावर वय वाढू दिले आणि तरीही 'अर्थ' (१९८२) मधील त्यांच्या पूजाचे महत्त्व तसूभरही कमी झाले नाही. कलाकृतीला टिकण्यासाठी कलावंताच्या मरणाची गरज नसते.

तिसरी मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. एकतीस वर्षांच्या स्त्रीचा बाळंतपणानंतर झालेला मृत्यू 'नियतीचा घाला', 'अधुरी मैफल' अशा शब्दांनी सजवला की, तो मातामृत्यू होता हे विस्मरणात जाते. आपल्या समाजात बाळंतपणात स्त्रिया दगावणे ही काव्यात्म घटना कधीच नव्हती. ती आरोग्यव्यवस्थेशी आणि स्त्रीच्या जिवाला दिल्या जाणाऱ्या किमतीशी निगडित अशी बाब आहे. ज्या अभिनेत्रीने आयुष्यभर स्त्रीच्या दुःखाला दैवाच्या चौकटीतून बाहेर काढले, तिच्याच मृत्यूला आपण पुन्हा दैवाच्या चौकटीत बसवावे, यातील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

३. एकाच वर्षातील दोन चेहरे

स्मिता पाटील यांचे आकर्षण केवळ चेहऱ्याचे किंवा व्यक्तिमत्त्वाचे असते तर ते त्यांच्या सर्व चित्रपटांत सारख्याच प्रमाणात जाणवायला हवे होते. हे तपासून पाहण्यासाठी १९८२ हे वर्ष सोयीचे आहे. या एका वर्षात प्रकाश मेहरा यांचा 'नमक हलाल', रमेश सिप्पी यांचा 'शक्ती', महेश भट्ट यांचा 'अर्थ', सागर सरहदी यांचा 'बाजार' आणि जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' हे चित्रपट आले. चेहरा एक, वय एक, काळही एकच. तरीही 'नमक हलाल' हा अमिताभ बच्चन यांचा चित्रपट म्हणूनच ओळखला जातो आणि त्यातील पावसातले गाणे आठवणाऱ्या प्रेक्षकालाही स्मिता पाटील यांनी रंगवलेल्या व्यक्तिरेखेविषयी फारसे काही सांगता येत नाही. तिला नायकावर प्रेम करण्यापलीकडे स्वतःचा असा प्रश्नच नाही.

याउलट 'बाजार'मधील नजमा पाहावी. हैदराबादेतील गरीब घरची मुलगी आखातातून आलेल्या धनिकाला लग्नाच्या नावाखाली विकली जाते, या व्यवहाराचे ते चित्रण आहे. नजमा स्वतः परिस्थितीने गांजलेली आहे, पण दुसऱ्या मुलीच्या विक्रीत तिचाही हातभार लागतो. आपण बळी आहोत आणि अपराधीही आहोत, हे भान तिला चित्रपटाच्या अखेरीस येते. हे दुहेरी भान व्यक्त करताना स्मिता पाटील सहानुभूतीची याचना करीत नाहीत. प्रेक्षकाला नजमाची कीव करून मोकळे होता येत नाही, तिच्या अपराधात आपला वाटा किती, हा विचार त्याला करावाच लागतो.

म्हणजे त्यांचे आकर्षण चेहऱ्यात सामावलेले नाही. प्रश्न असलेली भूमिका आणि त्या प्रश्नाचे वजन पेलणारा अभिनय यांच्या संयोगातून ते निर्माण होते. जेथे भूमिकेत प्रश्नच नाही, तेथे स्मिता पाटीलही उरत नाहीत, उरते ती एक देखणी नायिका. सुमारे दशकभराच्या कारकिर्दीत त्यांनी ऐंशीच्या आसपास चित्रपट केले असे सांगितले जाते. त्यातील वीसेक चित्रपटच आपण पुन्हा पुन्हा पाहतो. मृत्यूचे वलय मात्र सर्वच चित्रपटांना सारखेच लाभलेले आहे.

४. चित्रपटाच्या शेवटी ती कुठे असते?

या वीसेक चित्रपटांचे एक वैशिष्ट्य त्यांच्या शेवटांत आढळते. पारंपरिक हिंदी आणि मराठी चित्रपटात नायिकेचा शेवट ठरलेला असे. ती लग्नमंडपात तरी असे, नाहीतर सरणावर. स्मिता पाटील यांच्या महत्त्वाच्या नायिका या दोन्ही ठिकाणी क्वचितच पोहोचतात. त्या मधेच कुठेतरी उभ्या असतात.

'भूमिका' (१९७७) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला आहे. त्यातील उषा नवरा, सहकलाकार, दिग्दर्शक आणि जमीनदार अशा पुरुषांच्या सहवासातून जाते. प्रत्येक ठिकाणी तिला घर हवे असते आणि प्रत्येक घर कोंडवाडा ठरते. काळेच्या वाड्यावर तर जत्रेला जाण्यासाठीही परवानगी लागते आणि ती मिळत नाही. शेवटी ती हॉटेलच्या खोलीत एकटी आहे. मुलगी आपल्या घरी बोलावते, ती जात नाही. राजनचा फोन येतो, त्यालाही ती प्रतिसाद देत नाही. ही मुक्ती की एकाकीपणा, याचा निवाडा बेनेगल करीत नाहीत आणि स्मिता पाटील यांचा चेहराही करीत नाही.

मुजफ्फर अली यांच्या 'गमन'मध्ये (१९७८) खैरुन अवधमधील खेड्यात वाट पाहत राहते, कारण मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या नवऱ्याला परतीचा प्रवास परवडत नाही. तो स्थानकापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. 'मंथन'मध्ये सहकारी दूध संस्था उभी करायला आलेले डॉ. राव निघून जातात, बिंदू गावातच राहते. ज्या कागदावर तिचा अंगठा घेऊन रावांवर बालंट आणले गेले, त्या कागदासह तिला पुढचे आयुष्य काढायचे आहे. केतन मेहता यांच्या 'मिर्च मसाला'त सोनबाई हातात विळा घेऊन सुभेदारासमोर उभी ठाकते आणि चित्र तेथेच गोठते. विळ्याचा वार पडतो की नाही, हे आपल्याला दाखवले जात नाही. हा चित्रपट १९८७ मध्ये, म्हणजे स्मिता पाटील यांच्या मृत्यूनंतर प्रेक्षकांसमोर आला. त्यामुळे गोठलेल्या त्या चित्राला एक वेगळाच अर्थ चिकटला. अभिनेत्री कायमची थांबली म्हणून सोनबाईही थांबली, असे काहीसे ते आपल्या मनात नोंदले गेले. वस्तुतः सोनबाईचे थांबणे हा दिग्दर्शकाचा निर्णय होता आणि तो प्रेक्षकासाठी होता. पुढचे काय ते तुम्ही ठरवा, असे ते चित्र सांगते.

याला अपवादही आहेत आणि ते नमूद करणे आवश्यक आहे. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) चिंधीचा शेवट मृत्यूत होतो. राणीमाशीवर सूड उगवण्याच्या नाग्याच्या ध्यासाची किंमत ती चुकवते. 'आक्रोश'मधील (१९८०) नागी तर कथा सुरू होण्यापूर्वीच मारली गेलेली असते. परंतु या दोन्ही ठिकाणीही मरणाने प्रश्न संपत नाही. चिंधीच्या मृत्यूनंतर नाग्याचे 'जैत', म्हणजे जिंकणे, संशयास्पद होऊन बसते, आणि नागीच्या मृत्यूविषयीचे भिकू लहान्याचे मौन हाच 'आक्रोश'चा खरा विषय आहे.

अकालमृत्यूच्या मीमांसेतील गफलत येथे उघड होते. प्रेक्षकाला जाणवणारी अपूर्णता खरी आहे. पण ती दोन प्रकारची आहे आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक अपूर्णता अभिनेत्रीच्या आयुष्याची. तिच्यावर आपला काहीही इलाज नाही, आपण फक्त हळहळू शकतो. दुसरी अपूर्णता उषा, बिंदू, सोनबाई यांच्या प्रश्नांची. तिच्यावर इलाज करणे समाजाच्या हातात आहे. पहिल्या अपूर्णतेविषयी बोलत राहिले की दुसरीविषयी बोलावे लागत नाही.

५. मौन, नजर आणि श्रम

स्मिता पाटील यांच्या अभिनयाविषयी लिहिताना 'सहज', 'उपजत', 'नैसर्गिक' ही विशेषणे सर्रास वापरली जातात. स्तुतीच्या हेतूने वापरलेली ही विशेषणे प्रत्यक्षात अभिनेत्रीच्या श्रमावर पडदा टाकतात. जे उपजत आहे त्याचे श्रेय निसर्गाला जाते, कलावंताला नव्हे.

वयाचाच मुद्दा घ्यावा. 'भूमिका'च्या वेळी स्मिता पाटील विशीच्या सुरुवातीला होत्या आणि त्यांनी उषाला किशोरवयापासून थकल्या भागल्या प्रौढत्वापर्यंत नेले. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'चक्र'मध्ये (१९८१) त्या मिसरूड फुटलेल्या मुलाची आई झाल्या, तेव्हा त्यांचे स्वतःचे वय पंचविशीचे होते. झोपडपट्टीतील अम्माच्या चालण्यात, बसण्यात, कमरेवर हात ठेवून भांडण्यात वयाचे जे ओझे दिसते ते रंगभूषेने आणलेले नाही. या दोन्ही भूमिकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपण त्यांचे वार्धक्य पाहिले नाही, असे म्हणतो. त्यांनी मात्र वय वाढण्याची क्रिया पडद्यावर केव्हाच साकार केली होती. कायम तरुण राहिलेल्या नायिकेची कल्पना त्यांच्या कामाशी जुळत नाही.

दुसरा मुद्दा नजरेचा. चित्रपटात येण्यापूर्वी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत आणि बेनेगल यांनी त्यांना प्रथम तेथेच पाहिले, हे सर्वश्रुत आहे. वृत्तनिवेदिकेला कॅमेऱ्याकडे सरळ पाहावे लागते आणि बातमी कितीही भीषण असली तरी भावना आवरून धरावी लागते. हे दोन्ही गुण त्यांच्या पुढील अभिनयात उतरलेले दिसतात. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, प्रचलित चित्रपटात पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते, असा सिद्धान्त मांडला. स्मिता पाटील यांच्या नायिका पाहिल्या जातात हे खरे, पण त्या उलट पाहतातही. सुभेदाराच्या मुस्कटात मारण्यापूर्वी सोनबाई त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, त्या नजरेतच त्याचा पराभव झालेला असतो.

तिसरा मुद्दा मौनाचा. 'गमन'मधील खैरुनला फारच थोडे संवाद आहेत. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त (१९८१) झुरिया बराच काळ पडद्याआड असते. दुखीच्या मृत्यूनंतर पावसात ब्राह्मणाच्या दारी तिने केलेला आकांत हाच तिच्या भूमिकेचा कळस आहे. त्या आकांताची तीव्रता आधीच्या अबोलपणातून येते. संयम आणि उद्रेक यांतील हे अंतर किती ठेवायचे, याचे गणित अभिनेत्रीला नेमके ठाऊक आहे. त्याला केवळ 'उपजत' म्हणणे अन्यायाचे होईल.

६. एक आक्षेप आणि त्याचे चित्रपटातूनच मिळणारे उत्तर

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. स्मिता पाटील या राजकीय-सामाजिक कार्यकर्त्यांच्या, खानदेशातील सुस्थित कुटुंबात जन्मल्या, पुण्यात वाढल्या. अशा घरातील मुलीने दलित बिंदू, ठाकर चिंधी किंवा झोपडपट्टीतील अम्मा उभी करावी आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकाने ती पाहून भारावून जावे, यात त्या स्त्रियांचे नेमके काय भले झाले? त्यांचे दारिद्र्य हे दुसऱ्याच्या अभिनयगुणांसाठी भांडवल तर ठरले नाही? 'चक्र'च्या प्रसिद्धीसाठी अम्माच्या उघड्यावरील आंघोळीचे दृश्य फलकांवर मिरवले गेले, तेव्हा हा आक्षेप सिद्धच झाला, असे म्हणावे लागेल. कादंबरीत आणि चित्रपटात जे दृश्य खासगीपणाही न परवडणाऱ्या जगण्याचा पुरावा होते, तेच फलकावर आमिष झाले.

हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नाही. मृणाल सेन यांच्या 'आकालेर संधाने'ने (१९८०) तो स्वतःच अधिक नेमकेपणाने घेतला आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी शहरातील एक चमू खेड्यात येतो. त्यातील अभिनेत्रीचे नाव स्मिता आहे आणि ती भूमिका स्मिता पाटील यांनी स्वतःच्याच नावाने केली आहे. चमूला मदत करणारी गावातील दुर्गा चित्रीकरण पाहत असते. दुष्काळग्रस्त बाप आपल्याच तान्ह्या मुलावर हात उगारतो त्या दृश्याच्या वेळी दुर्गा किंचाळते. कारण जे स्मितासाठी दृश्य आहे, ते दुर्गेसाठी घर आहे. पुढे गावाशी खटके उडतात, चमू काम अर्धवट टाकून परत जातो आणि चित्रपटाचा शेवट दुर्गेच्या चेहऱ्यावर होतो, स्मिताच्या नव्हे.

नावारूपाला आलेल्या अभिनेत्रीने, आपल्याच नावाने, आपल्याच अभिनयाची मर्यादा दाखवणाऱ्या चित्रपटात काम करावे, ही घटना साधी नाही. येथे ताऱ्याची प्रतिमा स्वतःच तपासणीला बसली आहे. आपला चेहरा म्हणजे दुर्गेचा चेहरा नव्हे, याची कबुली त्या चित्रपटातच आहे. स्मिता पाटील यांच्या आकर्षणाला दीर्घायुष्य देणाऱ्या गोष्टींमध्ये या प्रामाणिकपणाचा समावेश करायला हवा. आपण त्यांच्या छायाचित्राला हार घालतो तेव्हा मात्र नेमके उलटे करतो. दुर्गेला चौकटीबाहेर काढून स्मिताला मध्यभागी आणतो.

७. मराठी मध्यमवर्ग आणि 'उंबरठा'

मराठी प्रेक्षकाला हा सारा विचार सर्वाधिक जवळून भिडतो तो 'उंबरठा'त. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली. सुलभा महाजन ही काही शोषित वर्गातील स्त्री नाही. ती शिकलेली आहे, सुखवस्तू घरची सून आहे, तिचा नवरा वकील आहे, सासू समाजसेवेत प्रतिष्ठित आहे. तिला मारहाण होत नाही, उपाशी ठेवले जात नाही. तिला फक्त आपल्या शिक्षणाला साजेसे काम करायचे आहे. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून ती दूर जाते. तेथील भ्रष्ट व्यवस्थेशी झुंजते, हरते, परत येते. तोवर मुलगी जावेच्या मायेत रमलेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते. शेवटच्या दृश्यात ती रेल्वेच्या डब्यात आहे, एकटी.

पदवीच्या वर्गाला हा चित्रपट दाखवण्याचा योग मला एकाहून अधिक वेळा आला. प्रत्येक वेळी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते, सुलभाने मुलीला सोडून जायला हवे होते का? नवऱ्याने दुसरी स्त्री का जवळ केली, हा प्रश्न सहसा आपणहून विचारला जात नाही. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने, सुलभाचा नवरा नोकरीसाठी दोन वर्षे परगावी गेला असता तर हा चित्रपट निघालाच नसता, असे म्हटले. त्यानंतर वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. समीक्षेने एवढ्या थोड्या शब्दांत इतके क्वचितच सांगितले असेल. त्या विद्यार्थिनीला स्मिता पाटील केव्हा आणि कशा गेल्या हे ठाऊक नव्हते. तिला त्यांच्या मृत्यूची नव्हे, सुलभाची गरज होती.

प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाला याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. अकालमृत्यूचे वलय ज्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही अशा प्रेक्षकालाही स्मिता पाटील धरून ठेवतात. याचे कारण त्या मुलीच्या घरी उंबरठा अजून तेथेच आहे. नोकरी करणाऱ्या सुनांची संख्या वाढली, पण नोकरीमुळे घराकडे दुर्लक्ष झाले तर जबाब कोणी द्यायचा, याविषयीची धारणा फारशी बदललेली नाही. महाविद्यालयात शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना, आणि त्यांच्या घरातील पुरुषांनाही, हे वेगळे सांगायला नको.

या संदर्भात हंसा वाडकर, उषा आणि सुलभा यांची साखळी विचारात घेण्यासारखी आहे. मराठी चित्रसृष्टीतील एका नटीने १९७० साली आपल्या आयुष्याची कैफियत पुस्तकरूपाने मांडली. सात वर्षांनी स्मिता पाटील यांनी तिला पडद्यावर रूप दिले. आणखी पाच वर्षांनी त्यांनीच सुलभा उभी केली. नटी असो वा समाजसेविका, बदनाम असो वा प्रतिष्ठित, घर आणि काम यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती दोघींवरही आहे. मराठी स्त्रीजीवनाचा हा एक सलग दस्तऐवज आहे आणि त्याच्या दोन प्रकरणांना एकाच अभिनेत्रीचा चेहरा लाभला आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. अकालमृत्यूमुळे ताऱ्याभोवती वलय निर्माण होते हे मान्य करूनही, स्मिता पाटील यांच्या आकर्षणाचे ते पुरेसे वा आवश्यक कारण नाही. १९८२ मधील चित्रपटांची तुलना केली असता हे आकर्षण भूमिकेतील प्रश्नाशी बांधलेले आहे, हे स्पष्ट होते. त्यांच्या महत्त्वाच्या चित्रपटांचे शेवट बव्हंशी अनिर्णित आहेत आणि ही अनिर्णितता आपण त्यांच्या आयुष्याच्या अपूर्णतेशी गल्लत करून पाहतो. त्यांच्या अभिनयाला 'नैसर्गिक' ठरवण्याने त्यामागील श्रम झाकले जातात. आणि त्यांच्या भूमिकांच्या प्रातिनिधिकतेवर घेतला जाणारा आक्षेप त्यांच्याच एका चित्रपटाने सर्वांत धारदारपणे मांडलेला आहे.

यातून अध्यापनाच्या दृष्टीने एक गोष्ट सुचवावीशी वाटते. चित्रपट आस्वादाच्या अभ्यासक्रमात स्मिता पाटील यांचा समावेश बहुधा चरित्रात्मक टिपणाच्या रूपाने होतो. जन्म १९५५, 'पद्मश्री' १९८५, मृत्यू १९८६, असा तो क्रम असतो आणि शेवटच्या नोंदीपाशी स्वर हळवा होतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांना त्यांच्या चार-पाच चित्रपटांचे केवळ शेवट सलग दाखवावेत आणि प्रत्येक शेवटानंतर एकच प्रश्न विचारावा, ही स्त्री उद्या सकाळी काय करील? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी चर्चा होईल, ती कोणत्याही श्रद्धांजलीपेक्षा त्यांच्या कामाला अधिक न्याय देणारी असेल. ज्या दिवशी सुलभाचा प्रश्न विद्यार्थ्यांना जुनाट वाटू लागेल, त्या दिवशी स्मिता पाटील यांचे आकर्षण कदाचित खरोखरच ओसरेल. तसे झाले तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तो दिवस अद्याप आलेला नाही, एवढेच आज म्हणता येते.